गॅलरी नाही, मग चित्रं लावायची कुठं? (मराठवाड्यातल्या जागांबद्दल)

चित्रफळा (अंबाजोगाई)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेवर चित्रकला शिकवतो. आठही जिल्ह्यांतली माणसं इथं आहेत, म्हणून बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतोय. मला तुमची मतं हवीच आहेत, पण त्याहून जास्त अनुभव हवे आहेत.

आमची मुलं एलिमेंटरी, इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा देतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून घरचेही आडकाठी करत नाहीत. त्यातली थोडी एटीडीला (कलाशिक्षक पदविकेला) जातात, एखाददुसरा संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात, क्वचित कुणी मुंबईला जे.जे.ला. शिक्षण संपतं आणि चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, पण तिथं नंबर लागायला वर्षं जातात. लागला तरी भाडं, फ्रेमिंग, चित्रांची वाहतूक, मुंबईतलं राहणं हे शेतकऱ्याच्या पोराला झेपत नाही. समजा झेपलं, तरी त्यानं रंगवलेलं रान ज्या गावाचं आहे त्या गावानं ते चित्र पाहिलेलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

"आपल्याकडच्या लोकांना चित्रातलं काय कळतंय" हे वाक्य मी शिक्षकांच्या बैठकीतही ऐकलंय. मला ते अजिबात मान्य नाही. याच गावात संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर, 'पंचीकरण' हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला. गाव ती अजून जपतंय. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की गल्लीतल्या बायका घरोघरी आरास बघत फिरतात. कुणी रंग कसा जुळवला, मखर कशाचं केलं, मुखवटे किती जुने, यावर बारकाईनं बोलतात. बघण्याची सवय इथं आहेच. आपण आपली चित्रं त्या सवयीच्या वाटेवर नेऊन ठेवत नाही, एवढंच.

एक अनुभव सांगतो. ओळखीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, आम्ही माजी विद्यार्थ्यांची चित्रं लावली होती. लोक येत, नंबर घेत, मोबाइल काढत. भिंतीकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. मग एका मुलीची आई तपासायला आली. मुलीनं तिलाच रंगवलेलं होतं: उसाच्या फडात, डोक्यावर मोळी, मागं बैलगाडी. बाई उठल्या आणि शेजारच्या बाईला सांगायला लागल्या, ही मोळी अशी बांधतात, हे वाढं, हा कोयता माझ्या नवऱ्याचा, पोरीनं मूठ बरोबर काढलीय बघा. खोलीतली निम्मी माणसं उठून भिंतीपाशी आली. काहींनी त्या चित्रातली चूकही दाखवली, बैलाच्या जोत्याची. त्यानंतर बाकीच्या चित्रांपुढंही माणसं थांबायला लागली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जागा कुठलीही चालेल. दवाखाना, मंगल कार्यालय, एसटी स्थानक, मोंढा. पण चित्राजवळ एक माणूस पाहिजे, आणि तो त्या जागेतलाच पाहिजे. गॅलरीत येणारा मुळात चित्र बघायलाच येतो. बाहेरच्या जागेत माणूस दुसऱ्याच कामाला आलेला असतो. त्याला थांबवायचं काम नुसत्या भिंतीला जमत नाही.

काही माजी विद्यार्थी आणि मी मिळून यंदा एक प्रदर्शन भरवायचं ठरवतोय. जागा सुचवा. अडचणी सांगा. विरोध असेल तर तोही लिहा.

---

गोदाकाठ

सर, तुम्ही म्हणता तो 'चित्राजवळचा माणूस' आपल्याकडे पूर्वी होता. चित्रकथी. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग, मोठाले डोळे, सपाट ठसठशीत रंग. आज ती काचेमागं गप्प बसलेली दिसतात, पण ती बनली होती हातात धरून दाखवायला. एक पान दाखवायचं, त्यावरची कथा गाऊन-बोलून सांगायची, मग पुढचं पान. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातल्या कलावंतांनी ही परंपरा चालू ठेवली. आमच्या पैठणला नाथषष्ठीला लाखभर पावलं येतात आणि चित्र दाखवणारा एक माणूस नसतो, ही खंत मला दरवर्षी वाटते.

लोक अशा वेळी अजिंठ्याचंही उदाहरण देतात, की बघा, आपली चित्रं गॅलरीबाहेरच होती. ते मी जपून वापरेन. १६ नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवलं, तसा शिलालेख आहे. म्हणजे मागं सत्ता होती, पैसा होता. भिक्खू राहायचे त्या विहारांच्या भिंतींवर जातककथा रंगवल्या, हे खरं आणि सुंदर आहे. पण "काही खर्च न करता कुठंही कला फुलते" याचा दाखला म्हणून अजिंठा चालणार नाही.

---

मोंढेकरी (जालना)

जागेचं मी सांगतो. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना.

कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो, मार्च-एप्रिलात आटोपतो. त्यानंतर शेड रिकामं पडतं. उंच छत, लांबच लांब मोकळी जागा, ट्रक थेट आत येतो. मालक ओळखीचा असेल तर भाडंही घेणार नाही. पण तीन गोष्टी आधी बघा. एक, कोपऱ्याकोपऱ्यात, तुळयांवर रुईचा भुगा साचलेला असतो, तो पूर्ण झाडून घ्यायचा. हॅलोजन बिलकुल लावायचा नाही, एलईडीच, आणि वायरिंग माहितगार माणसाकडून. जिनिंगची आग काय असते ते जालन्यात, जामनेरात, कुठंही विचारा. दोन, शेडचा विमा असतो, त्यात दुसऱ्या वापराला हरकत आहे का ते मालकाला विचारायला लावा. तीन, पत्र्याखाली मे महिन्यात माणूस थांबत नाही. पारा ४२ च्या वर असतो. जूनचा पाऊस पडून गेल्यावर ठेवा.

मोंढ्यातली आडत दुकानंही चांगली. सौद्याच्या वेळी नाही, दुपारनंतर. शेतकरी पट्टीची (विकलेल्या मालाच्या हिशेबाची) वाट बघत बसलेले असतात. त्यांच्याकडे वेळ असतो, आणि चित्रातलं बियाणं-अवजार चुकलं तर ते पोत्यावर बसून बरोबर सांगतील.

---

काळी माती

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला, आता मुंबईत चित्रं काढून जगतो. विरोध असेल तर लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही.

'अनौपचारिक जागा' हे शब्द आले की पुढचं वाक्य मला पाठ आहे: "मानधन देता येणार नाही, पण प्रसिद्धी मिळेल." मंडपवाल्याला पैसे, माइकवाल्याला पैसे, चहावाल्याला पैसे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, आणि ज्याच्या कामासाठी हे सगळं जमलं त्याला टाळ्या. गॅलरी कमिशन घेते, उंबऱ्यावर उभं करते, सगळं खरं. पण चित्र विकलं गेलं तर पावती मिळते, चित्र खराब झालं तर विचारायला कुणीतरी असतं.

जगातली मोठी उदाहरणं देतानाही पूर्ण द्या. १९८८ मध्ये लंडनच्या गोदी भागातल्या रिकाम्या इमारतीत गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'फ्रीझ' प्रदर्शन भरवलं, डेमियन हर्स्ट पुढं होता. सगळे त्या रिकाम्या इमारतीचं कौतुक करतात. त्यांनी प्रायोजक मिळवले होते, नीट कॅटलॉग छापला होता, महत्त्वाच्या लोकांना आग्रहानं बोलावलं होतं, हे कुणी सांगत नाही. कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झाली, बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू यांच्या पुढाकारानं. फोर्ट कोचीतल्या अ‍ॅस्पिनवॉल हाउससारख्या जुन्या व्यापारी इमारती, गोदामं, समुद्राचा वारा. मी जाऊन आलोय, भारावून गेलोय. पण तिथं केरळ सरकारचा निधी होता आणि पैशांची ओढाताण तरीही झालीच.

आणि चित्राची तब्येत. कागदावरच्या जलरंगाला संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवतात. आपल्याकडचं दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. एसटी स्थानकावर खिडकीसमोर आठवडाभर लावलेल्या जलरंगाचं काय होईल ते तुम्ही चित्रकला शिकवता, तुम्हाला सांगायला नको.

---

चित्रफळा

काळी माती, तुमचा प्रतिसाद मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवला. मानधनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आत्ताच इथं जाहीर करतो: ज्या कार्यक्रमात मंडपवाल्याला पैसे मिळतील त्यात चित्र लावणाऱ्यालाही मिळतील. रक्कम छोटी असेल, पण पाकिटात, सगळ्यांना सारखी, आणि उद्घाटनाच्या आधी. त्यासाठी वर्गणी काढू. गणपतीला निघते, सप्त्याला निघते, यालाही निघेल. शाल-श्रीफळ नाहीच.

उजेडाबाबत: मूळ जलरंग बाहेर नेणार नाही. उघड्या जागेत अ‍ॅक्रिलिक, तैलरंग, छापे, नाहीतर चांगली छापील प्रत, आणि तसं पाटीवर स्पष्ट लिहायचं. मूळ कागद फक्त बंद खोलीत, उत्तरेच्या भिंतीला.

---

बाभूळबन (परभणी)

मोंढा, जिनिंग, एसटी स्थानक. आत्तापर्यंत सुचवलेल्या जागांकडे बघा. यातल्या एकाही ठिकाणी माझी आई पाच मिनिटं निवांत उभी राहू शकत नाही. एसटी स्थानकावर बाई थांबते ती गाडीकडे डोळे लावून, पिशवी सांभाळत. मोंढ्यात तर ती जातच नाही. 'लोकांत नेऊ' म्हणताना लोक म्हणजे कोण, हे आधी ठरवा.

सरांनी महालक्ष्म्यांचा उल्लेख केला, तिथंच उत्तर आहे. त्या तीन दिवसांत बायका अनोळखी घरातही "लक्ष्म्या बघायला आलो" म्हणून जाऊ शकतात. कुणी अडवत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं, तेव्हाही तसंच. मागच्या संक्रांतीला आम्ही मैत्रिणींनी एका घराच्या ओसरीत लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेले) छापे आणि एका मैत्रिणीची कॉलेजातली जुनी रेखाटनं लावली. वाण म्हणून प्रत्येकीला पोस्टकार्डाएवढा एक छापा दिला. स्टीलची वाटी नाही, प्लास्टिकचा डबा नाही, छापा. बायका तासभर हलल्या नाहीत. छाप कसा घेतात ते विचारलं, एकीनं स्वतः रूळ फिरवून बघितला. ते छापे आता परभणीतल्या किती स्वयंपाकघरांत लागलेत ते मला दिसतंय. रेखाटनं काढणारी मैत्रीण लग्नानंतर पहिल्यांदाच "मी चित्र काढते" असं चारचौघींत म्हणाली.

रशियात १९८२ साली मॉस्कोच्या कलावंतांनी सरकारी बंधनांमुळे एका राहत्या फ्लॅटमध्ये प्रदर्शनं भरवली होती, 'आप्टआर्ट' नावानं. त्यांची अडचण वेगळी होती. पण घर ही प्रदर्शनाची गंभीर जागा असू शकते, हे मी त्यातून शिकले.

---

तांड्यावरची (हिंगोली)

बाभूळबन ताई, ओसरीची कल्पना मनापासून आवडली. पण ओसरी कुणाची, हेही विचारा. सगळ्या ओसऱ्यांवर सगळ्यांना बोलावणं नसतं. देवळाच्या सभामंडपाचंही तेच. वाड्यात प्रदर्शन ठेवलं तर आमच्या तांड्यावरच्या बाया दारातूनच बघून परत जातील, कुणी काही बोललं नाही तरी. त्यामुळं घर असेल तर एक घर नको. गावातल्या वेगवेगळ्या गल्ल्यांतली घरं घ्या, वस्तीवरचं घ्या, तांड्यावरचं घ्या. नाहीतर जिल्हा परिषदेची शाळा घ्या. तिथं प्रत्येकाचं लेकरू गेलेलं असतं.

दुसरं. माझी याडी, म्हणजे आई, कशिदा करते. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), आरसे, कवड्या, मणी. मी शहरातल्या एका मोठ्या प्रदर्शनात आमच्याकडचं काम काचेत लावलेलं पाहिलं. खाली लिहिलं होतं 'बंजारा भरतकाम, मराठवाडा'. शेजारच्या कॅनव्हासखाली चित्रकाराचं पूर्ण नाव, जन्मसाल, माध्यम, किंमत. आमच्या कामाखाली कुणाचंच नाव नाही. ज्या बाईनं दोन-दोन वर्षं डोळे घालून ते केलं तिला नाव नव्हतं का?

तुम्ही गॅलरीबाहेर येताय तर ही सवय आत सोडून या. कशिदा असो, महालक्ष्मीची आरास असो, नाहीतर तैलचित्र, खाली करणाऱ्याचं नाव पाहिजे. आणि १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांच्या जयंतीला तांड्यावर या. तुमची चित्रं आणा, आमचा कशिदा मांडू, एकाच दोरीवर.

---

पाटीपेंटर (लातूर)

मी वाचूलालो निस्तं. आता लिवतो.

माजं सगळं आयुष्य रंगात गेलं सर. दुकानाच्या पाट्या, टरकाच्या मागचा मोर, लग्नघराच्या भिंतीवर शुभविवाह अन् दोन बाजूला हत्ती. गंजगोलाईच्या बाजारात १६ रस्ते येतात, त्यातल्या निम्म्या रस्त्यांवर एकेकाळी माज्या हातच्या पाट्या व्हत्या. फ्लेक्स आलं अन् सगळं उतरवलं. आमच्यातले कोण रिक्षा चालवायलेत, कोण पुट्टी मारायलेत. तुमी जे म्हणायलेत का चित्र लोकात न्यायचं, ते आमी करतच व्हतो. त्याला कुणी कला म्हणलं नाही, ती गोष्ट निराळी. तांड्यावरच्या ताईंचं बोलणं मला लई लागलं.

एक कल्पना हाय. दुकानाचं शटर. दुकान चालू असलं का शटर वर गुंडाळलेलं, कुणाला दिसत नाही, दुकानदाराची जाहिरात झाकत नाही, त्यामुळं तो नाही म्हणणार नाही. बाजार बंद असला का शटर खाली, सगळी गल्ली चित्राची. सुट्टीच्या दिवशी घरची मंडळी फिरायला येतात, बाया येतात, लेकरं येतात. शटरला आधी गंज घासून रेड ऑक्साइड मारायचं, मग इनॅमल. पट्ट्यांच्या खाचात रंग जाड ठेवला तर गुंडाळताना सोलून निघतो, पातळ दोन हात द्यायचे. पाच वरसं हलत नाही. कोपऱ्यात चित्रकाराचं नाव मी सोता लिवून देतो, अक्षर माजं अजून चांगलं हाय.

---

कागदपत्र

वकिली करतो, म्हणून तेवढंच लिहितो.

सार्वजनिक भिंतीवर परवानगीशिवाय रंगवू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. हेतू चांगला असला तरी नगरपालिका, ग्रामपंचायत, एसटीचे आगारप्रमुख, ज्याची जागा त्याचं लेखी पत्र घ्या. शटर, खासगी भिंत, घर यांनाही मालकाच्या सहीचा साधा कागद हवा. त्यात तीन गोष्टी असू द्या: चित्र किती दिवस राहणार, ते पुसायचं किंवा हलवायचं झालं तर चित्रकाराला किती आधी कळवणार, आणि फोटो कोण कशासाठी वापरणार.

शेवटच्या दोन गोष्टी लोक विसरतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार, चित्र दुसऱ्याच्या मालकीचं झालं तरी त्यावर आपलं नाव असण्याचा आणि त्याच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क कलावंताकडे राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं मोठं भित्तिशिल्प १९७९ मध्ये न सांगता काढून टाकलं गेलं. ते केंद्र सरकारविरुद्ध लढले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. पाटीपेंटर काका, तुमच्या शटरवरच्या सहीलाही हेच कलम लागू होतं.

---

पाटीपेंटर

वकील साहेब, हे आमाला कुणी सांगितलंच नव्हतं.

---

तेरणाकाठ

आमचं गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गेलं. आताचं गाव नव्या जागी वसवलेलं आहे, सरळ रस्ते, सारखी घरं. जुन्या गावाचं आमच्या पिढीला काही आठवत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही पोरांनी घरोघरी फिरून जुने फोटो गोळा केले. लग्नातले, बारशाचे, बैलपोळ्याचे. कुणाकडे ढिगाऱ्यातून काढलेल्या ट्रंकेत सापडलेले, कडा खाल्लेले. स्कॅन करून मोठे छापले आणि समाजमंदिरात दोरीला चिमटे लावून टांगले. आमचा हेतू लग्नाच्या फोटोतल्या माणसांचा होता. म्हातारी माणसं मात्र माणसांकडे बघतच नव्हती, मागच्या भिंती बघत होती. ही वेशीची कमान. ही अमक्याच्या वाड्याची देवडी. इथून आडाकडं वाट होती. एका आजोबांनी काठीनं फरशीवर गल्ली आखून दाखवली. मग आम्ही तिथंच जमिनीवर खडू ठेवले. संध्याकाळपर्यंत समाजमंदिराच्या फरशीवर जुन्या गावाचा अर्धा नकाशा झाला होता, त्यावरून वादही झाले, आडाची जागा दोनदा पुसून काढली.

सर म्हणतात तो चित्राजवळचा माणूस आम्ही नेमला नव्हता. तो आला. पण येण्यासाठी दोन गोष्टी लागल्या असं मला वाटतं. फोटो खाली टांगलेले होते, बसून दिसतील असे. आणि कुणी "हात लावू नका" म्हणत नव्हतं.

---

चित्रफळा

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद आल्यापासून मी दुसरं काही विचारात घेऊ शकलेलो नाही. उंचीचा मुद्दा मोलाचा. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, उभ्या माणसाच्या नजरेला. आपल्याकडे माणूस आला की बसतो. बसणाऱ्याच्या नजरेला धरून लावायचं.

---

गोदाकाठ

याला जोडून एक. नवज्योत अल्ताफ या चित्रकर्तीनं बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर हातपंपाच्या जागा घडवल्या, 'नलपार' म्हणतात त्यांना. पाणी भरणाऱ्या बायकांना हंडा डोक्यावर घेण्याआधी टेकवायला कट्टा, सांडपाण्याला वाट, आणि ते सगळं शिल्पासारखं घडवलेलं. लेकरांसाठी 'पिल्ला गुडी' केल्या. तिथं कला बघायला थांबायचं नाही. थांबण्याचं कारण आधीच आहे, कला त्या कारणाला हातभार लावते. आपल्या टँकरच्या गावांत याचा विचार कुणीतरी करावा, असं मला फार वाटतं.

---

काळी माती

पाकीट उद्घाटनाच्या आधी, हे वाचलं. मग मी येतो. माझी चार तैलचित्रं आणतो. वाहतूक माझी, मानधन इतरांना जेवढं तेवढंच घेईन, पण घेईन, म्हणजे नव्या मुलांना मागायला संकोच वाटणार नाही.

एक अट. चित्राजवळचा माणूस चित्राचा अर्थ सांगत सुटणार नाही. त्या आईनं मोळी कशी बांधतात ते सांगितलं, चित्र चांगलं की वाईट हे नाही सांगितलं. म्हणून लोक उठले. अमूर्त चित्र असेल तर जवळच्या माणसानं रंग कसा लावलाय, खरवडलाय कशानं, एवढंच सांगावं. बाकी बघणाऱ्यावर सोडावं. नाहीतर आपण तिथं शाळाच भरवू.

---

बाभूळबन

काळी माती यांच्या अटीला माझंही अनुमोदन. ओसरीत आम्ही रूळ हातात दिला होता, व्याख्यान दिलं नव्हतं.

---

चित्रफळा

सगळ्यांचं वाचून काल आम्ही बसलो. ठरलं ते असं.

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत पाच घरं, पाच वेगळ्या वस्त्यांतली. प्रत्येक घरात थोडीच चित्रं, आणि त्या घरातली एक बाई किंवा मुलगी सांगणारी. तिला चित्रकार आधी भेटून जाईल. महालक्ष्म्यांची आरास हेही प्रदर्शनच, तिच्याखाली करणारीच्या नावाची पाटी, तिची हरकत नसेल तर. त्यानंतरच्या रविवारी सगळी चित्रं जिल्हा परिषदेच्या शाळेत एकत्र. मुख्याध्यापकांचं तोंडी हो आलंय, लेखी पत्र या आठवड्यात घेतो. तांड्यावरच्या ताई, त्या दिवशी कशिद्यासाठी एक अख्खा वर्ग ठेवलाय, याडींना घेऊन या. फेब्रुवारीत आम्ही तुमच्याकडे. जिनिंगचं शेड पुढच्या जूनसाठी राखून ठेवतो. मोंढेकरी साहेब, मालकाशी बोलून ठेवा.

वर्गणीची वही उद्यापासून. हिशेब इथंच टाकीन.

शाळेच्या भिंतींवर बोलक्या भिंतींची चित्रं आहेत, पाढे, फळं, शरीराचे अवयव. ती झाकायची नाहीत असं ठरलंय, लेकरांची आहेत. त्यामुळं वर्गांत आणि व्हरांड्यात टांगायला वेगळी सोय लागेल. कुणाला काही सुचतं का?

---

मोंढेकरी

बांबू आणि सुतळी माझ्याकडून. पोत्यांचं कापडही आहे, मागं लावायला. करडा-तपकिरी रंग येतो, चित्र उठून दिसतं.

---

पाटीपेंटर

कड्या, तार, पकड घेऊन मी एक दिवस आधी येतो. मुक्कामाचं बगा. व्हरांड्याचं तोंड पच्छिमेला असंल तर दुपारनंतरचं ऊन आत येतंय, तिकडं पोत्याचं कापड आडवं बांधू अन् चित्रं आतल्या अंगाला घेऊ. नावाच्या पाट्या मी हातानं लिवणार, कॉम्प्युटरच्या नको. कशिदावाल्या बायांची नावं ताईंनी आधी धाडावी, बरोबर लिवून, मात्रा-वेलांटीसकट.